आगमनाची चाल

कार्तागिरीच्या कोटामागचा ज्वालामुखी त्या पहाटे धूर सोडत नव्हता, आणि हे चिन्ह शुभ की अशुभ याविषयी तटावरच्या पहारेकऱ्यांत दुमत होते. कोटाच्या पायथ्यापासून नदीपर्यंत भाताची खाचरे पाण्याने भरून उतरत गेली होती, त्यांच्या बांधांवर बगळे येऊन बसले होते, आणि बुरुजावर राणी सेकारवांगीचे पिवळे निशाण चढत होते. जावा बेटावरच्या त्या लहानशा राज्यात तो तिच्या राज्यारोहणाचा वार्षिक दिवस होता. वर्षातून त्या एकाच दिवशी दरबारात नऊ नर्तकींचे पवित्र नृत्य होई.

राजवाड्याच्या खुल्या मंडपात की मांगुनरासा आपल्या दुतोंडी ढोलाच्या वाद्या ताणत बसला होता. की म्हणजे आपल्याकडचे बुवा. पासष्टीचा हा वादक चाळीस वर्षे राजगामेलानात ढोल वाजवत आला होता. गामेलान म्हणजे काशाच्या पट्ट्यांचा, वाडग्यांचा आणि घंटांचा मोठा ताफा. त्यात वीस माणसे वाजवतात, पण चालवतो तो ढोलच. दर आवर्तनाच्या अखेरीस महाघंटेवर टोल पडे, आणि कोणता टोल शेवटचा हे ढोलाच्या इशाऱ्यानेच ठरे. मांगुनरासा आता थकला होता. एका रात्रीचे जागरण झोपेने भरून निघते, चाळीस वर्षांचे कशाने निघणार? आजचा दिवस पार पडला की ढोल खाली ठेवायचा आणि बायकोच्या माहेरगावी मासळीच्या तळ्याकाठी जाऊन बसायचे, असे त्याने सकाळीच तिला, सुम्पेनाला, कबूल केले होते.

इतक्यात मुख्य प्रधान रेक्साबाया मंडपात आला. आपल्या जावयाला गादीवर पाहण्याची त्याची इच्छा साऱ्या दरबाराला ठाऊक होती आणि साऱ्या दरबाराने ती ठाऊक नसल्याचे सोंग उत्तम वठवले होते.

"बुवा," प्रधान मधाळ आवाजात म्हणाला, "आज शेवटचा टोल पडला की आपली मंडळी घेऊन मागच्या दाराने निघा. निघण्याची चाल वाजवायची नाही. तिच्यासाठी दुसरा ढोल लावत बसू नका, उगाच तसदी."

"जशी आज्ञा, सरकार," मांगुनरासा मान लववून म्हणाला.

प्रधान गेला आणि म्हाताऱ्याच्या हातातली वादी तशीच राहिली. कार्तागिरीच्या रिवाजाप्रमाणे राज्यकर्ता मंडपात येताना आगमनाची चाल वाजे आणि उठून जाताना निघण्याची. या दोन चालींखेरीज राजाने मंडपाचा उंबरठा ओलांडल्याचे कोणाच्या आजोबांनीही पाहिले नव्हते. निघण्याची चाल नको, याचा अर्थ एकच होता. राणी आज मंडपातून निघणार नव्हती.

त्याने नजर फिरवली. खांबाखांबाशी आज प्रधानाची शिबंदी होती. राणीचा इमानी सेनापती वीरापाती चार दिवसांपूर्वीच पाच कोसांवरच्या नदीगडावर रवाना केला गेला होता. राणीशी बोलण्याची वादकाला मुभा नव्हती, आणि आज तर तिच्या महालाच्या दारातही प्रधानाचीच माणसे उभी होती. नृत्य चालू असता मात्र कोणी जागचे उठत नसे की शस्त्राला हात लावत नसे. तेवढा वेळ दक्षिण सागराची देवी स्वतः मंडपात उतरते, अशी सर्वांची श्रद्धा होती. मारेकऱ्यांचीही होती. म्हणूनच त्यांना शेवटच्या टोलाचा इशारा दिलेला असणार, आणि तो टोल मांगुनरासाच्या हातात होता.

सुम्पेना महाघंटेपुढे परडीतली फुले आणि धूप ठेवत होती. बासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई. पण फुलेवाली म्हणून कोटाच्या दारात तिला कोणी अडवत नसे.

"सुम्पेना, नदीगडावर जायचे आहे तुला," तो ढोलाकडेच पाहत हळू म्हणाला. "आत्ता."

"अहो, पाच कोस आहे तो. माझे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत का?"

"माहीत आहेत. दुसरे कोणी बाहेर पडू शकत नाही. सेनापतींना इतकेच सांग, आज निघण्याची चाल वाजवायची मनाई झाली आहे."

सुम्पेनाही चाळीस वर्षे दरबारची फुले वाहत आली होती. तिने त्याच्याकडे पाहिले, रिकामी परडी कमरेशी घेतली आणि एवढेच विचारले, "तोवर तुम्ही काय करणार?"

"वाजवत राहीन."

दिवस कासराभर वर आला तेव्हा आगमनाच्या चालीवर राणी सेकारवांगी मंडपात आली आणि आसनस्थ झाली. नऊ नर्तकी पिवळ्या शेल्यांत संथ पावलांनी उतरल्या. अर्ध्या प्रहराचे ते नृत्य नेहमीसारखे रंगले, अखेरचे आवर्तन आले, प्रधानाने मांडीवरचा हात किंचित सरकवला. आणि ढोलाने शेवटाचा इशारा देण्याऐवजी सारा ताफा पुन्हा पहिल्या आवर्तनात नेऊन सोडला.

वादकांनी चमकून पाहिले. पण गामेलानात ढोलाला जाब विचारायचा नसतो, मागून जायचे असते. ते गेले. नर्तकीही वळल्या. दुसरे नृत्य संपत आले तेव्हा तिसरे सुरू झाले. सूर्य माथ्यावर आला. मांगुनरासाने लय उतरवली, इतकी की नर्तकींना एक हात उचलून खाली आणायला बारा श्वासांचा अवकाश मिळावा; त्याला त्यांची दया येत होती, आणि आपली नातवंडे शोभतील अशा पोरींना आपण राबवतो आहोत याची लाजही वाटत होती. त्याच्या उजव्या हाताची बोटे फुटली. मग डाव्या हाताची. ढोलाच्या पुडीवर तांबडे ठसे उठू लागले. खांदे भरून आले, कंबर बधिर झाली, आणि डोळ्यांपुढे सारखे ते तळे येऊ लागले. तिथे बसायचे, फक्त बसायचे. सुम्पेना कुठवर पोचली असेल? पोचली तरी असेल का? ते कळायला मार्ग नव्हता. तो वाजवत होता.

राणीने प्रथम ढोलाकडे पाहिले, मग पुडीवरच्या रक्ताकडे, मग खांबाखांबाशी उभ्या अनोळखी चेहऱ्यांकडे. तिला काय उमगले ते तिने दाखवले नाही. फक्त आपली पाठ अधिक ताठ केली आणि जणू उद्यापर्यंत नृत्य पाहायचे आहे अशी स्थिर बसली.

प्रधानाची मांडी मात्र अवघडली होती. तिसऱ्या प्रहराच्या सुमारास त्याचा धीर सुटला. कार्तागिरीच्या दरबारात कधी न घडलेली गोष्ट घडली: नृत्य चालू असता एक माणूस उठून उभा राहिला.

"पुरे झाले," रेक्साबाया ओरडला. "टोल द्या. शिपायांनो, काय बघता? कामाला लागा."

एकाही हाताने कट्यारीला स्पर्श केला नाही. देवी मंडपात असता उभ्या राहिलेल्या त्या माणसापासून त्याचीच शिबंदी पाऊल पाऊल मागे सरली. त्यानंतरच्या चौथ्या आवर्तनात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, आणि वीरापातीचे स्वार कोटाचा दरवाजा ढकलून आत शिरले. प्रधान उभा होता, त्यामुळे तो शोधावा लागला नाही. त्याच्या मुसक्या आवळून त्याला नेले, शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली, तरी ढोल चालूच होता. थांबायचे कसे हे बहुधा त्या हातांना आठवत नव्हते.

"बुवा," राणी म्हणाली. चाळीस वर्षांत राजगादीवरून वादकाला उद्देशून निघालेला तो पहिला शब्द होता. "आता संपवा."

त्याने इशारा दिला. महाघंटेवर शेवटचा टोल पडला आणि नर्तकी होत्या तिथेच खाली बसल्या.

"निरोप कोणी नेला?" राणीने विचारले.

"फुलेवालीने, महाराणीसाहेब," वीरापाती म्हणाला. "तिचे एक वाक्य ऐकले आणि आम्ही खोगिरे कसली. गडावरचा एकूण एक घोडा फौजेला लागला. बाई पायीच मागे येत आहे."

राणीने पालखी धाडली. ती रिकामी परतली, कारण सुम्पेना सडक सोडून खाचरांच्या बांधांवरून जवळच्या वाटेने निघाली होती. मग राणी उठेना. निघण्याची चाल वाजवू का, असे वादकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आधी आगमनाची. माणूस यायचे आहे."

दिवेलागणीला सुम्पेना कोटाच्या दारात आली. पाय सुजलेले, नेसूचा काठ चिखलाने भरलेला, परडी अजून कमरेशी. तिला पाहताच दुसऱ्या एका वादकाने ढोल घेतला आणि मंडपात आगमनाची चाल सुरू झाली. ती ऐकताच सुम्पेना लगबगीने बाजूला झाली, भिंतीला टेकून गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घालून राणीची स्वारी जाण्याची वाट पाहू लागली. स्वारी येईना. तिने हळूच मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

मांगुनरासा फडक्यांत गुंडाळलेले हात घेऊन तिच्यापर्यंत चालत आला. ते हात पुढे कधी सरळ झाले नाहीत आणि ढोलाला लागले नाहीत. मासळीला दाणे टाकण्यापुरते, तळ्याकाठी, कामाला आले.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझ्यासाठी वाजते आहे."

सुम्पेनाने हात वर केला आणि त्याने तो आपल्या कोपराच्या बेचक्यात धरला.

"मग त्यांना म्हणावे, जरा सावकाश वाजवा," ती म्हणाली. "मला भरभर चालवत नाही."