भरीत भर

या माय-बापहो, जरा जवळ सरकून बसा. एरंडोलजवळच्या मळ्यातली गोष्ट सांगतो. देव बघत असतो, एवढं मनाशी धरून ऐका.

चंपाषष्ठीच्या दुपारी त्या मळ्यात ललित मेला. संकटावर संकट आलं की 'भरीत भर!' म्हणणारा, रील्समधून घरोघरी पोचलेला विनोदी नट. चातुर्मासात सोडलेलं वांगं तो खंडोबाच्या नैवेद्यानं धरणार होता. दोन घासांतच कोसळला. बाकीच्यांनी तेच भरीत खाल्लं, त्यांना काही झालं नाही.

विषाचा संशय आला भरीत करणाऱ्या तानुबाईंवर. त्यांनी जळगावहून खासगी गुप्तहेर दिपमालाला बोलावलं.

"बेटी, मी इख नही कालवं. सांजले पोलीस माले लई जातीन."

"अक्का, ललितशी भांडण होतं?"

"कसानं भांडन? लाकडी बडगीमा वांगा ठेचताना पाव्हना वाढनात की मी म्हनू, 'टाका आखो, भरीतमा भर!' तठूनच त्यानी उचलं. आज बठ्ठा लोकसले तेच सांगनार व्हता."

"बाई, शब्द चोरला म्हणून म्हातारीनंच..." दिपमालाचा मदतनीस उखर्डू कुजबुजला.

"उखर्डू, तुझं डोकं एकाच बाजूनं भाजलंय."

मळ्याचे मालक अभिमन नाना म्हणाले, "नैवेद्याचं ताट अक्कानं एकच वाढलं. मी आरती केली, भंडारा उधळून ताट पिवळं केलं. त्यातलाच घास गायीला दिला."

गाय गोठ्यात रवंथ करत होती.

ललितचा भागीदार किरण. 'भरीत भर' ही म्हण आपलीच म्हणून त्यानं नुकतीच ती एका सिनेमाला देऊ केली होती. तो म्हणाला, "देवापुढचं ताट उचललं नि तसंच ललितच्या हाती दिलं. वाटेत कुणी हात लावला नाही."

दिपमालानं ललितच्या उरलेल्या ताटावरचं झाकण काढलं. हिरव्या मिरचीचं पांढुरकं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. दुसरं काही नाही.

तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"अक्कांनी विष घातलं असतं तर गाय जगली नसती."

"मग वाटेत घातलं?" उखर्डूनं विचारलं.

"तर ताट पिवळं असतं. यात भंडाऱ्याचा कणही नाही. हे ताट देवापुढे गेलंच नव्हतं. किरण, बडगीतून दुसरं ताट तू भरलंस. ललित गप्प होईल, अक्का अडकतील, म्हण तुझी राहील. पण विष कालवलेलं ताट देवाला दाखवायला तुझी छाती झाली नाही. वर भंडारा टाकायलाही नाही."



"मग देवाचं ताट कुठे शे?" नानांनी किरणला विचारलं.

"प्रसाद फेकवला नाही, नाना. मी खाल्ला," किरण म्हणाला.

मग पोलीस आले आणि तानुबाईंना ओलांडून किरणकडे गेले.

माय-बापहो, एका बाईचे शब्द तिला चारचौघांत परत द्यायला तो पोरगा आला होता. उद्या भजनाला बसाल, तेव्हा एक अभंग ललितच्या नावानं म्हणा.