लोकरीची रांग

भूमी अभिलेख खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेल्या कमलाकर उमरीकरांना एकच शौक होता, आणि तो साऱ्या यवतमाळात दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हातानं रंगवलेली व्यंगचित्रं ते जमवत. पहिलं त्यांना नोकरीत असताना सापडलं होतं, रद्दीत काढलेल्या नकाशांच्या गुंडाळीत. गाउटनं पायाचा अंगठा सुजलेला एक जाडा लॉर्ड आणि त्या अंगठ्याला चावणारं भूत. इंग्लंडचा इतिहास त्यांना फारसा येत नव्हता, पण रेघ कळत होती. राजा, मंत्री, वकील, डॉक्टर, कोणाचीही भीड न ठेवता ओढलेली ती रेघ बघून हा मुलखाचा अबोल माणूस एकटाच खुदकन हसायचा.

तीस वर्षांत एक्केचाळीस चित्रं झाली. नकाशे ठेवायच्या सपाट खणांच्या कपाटात ती एकावर एक निजलेली असत. नवीन चित्र आलं की कमलाकर आधी नखानं कडेला उमटलेला पत्र्याचा दाब चाचपत, मग कागद उजेडासमोर धरून त्यातलं पाणचिन्ह बघत. शेवटी ट्रेसिंग पेपर ठेवून रेघन्‌रेघ उतरवून घेत. कार्यालयातली जुनी सवय. मूळ नकाशा फाटला तरी नक्कल शाबूत पाहिजे.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर बोरी अरबच्या फुलचंद भंगारवाल्याकडून बेचाळिसावं चित्र आलं. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचा बंगला पाडला, तिथल्या ट्रंकेत ते होतं. कडा कातरलेल्या, त्यामुळे चित्रकाराचं नाव नाही, छापणाऱ्याचं नाही, साल नाही. पाणचिन्हात मात्र १८१७ दिसत होतं.

चित्रात एक भलंमोठं टेबल होतं. टेबलामागे लोकर खरेदी करणारा अधिकारी बसलेला. नाक भरताच्या वांग्याएवढं, हनुवट्या तीन, हातातली लेखणी भाल्यासारखी. टेबलासमोर पाठीवर लोकरीची गाठोडी घेतलेल्या गरिबांची रांग, आपल्याकडे पाठ करून उभी. ती वळण घेत कागदाच्या उजव्या कडेशी जाऊन तुटत होती. कमलाकरांनी वहीत नोंद केली : रांगेत माणसं तेवीस.

त्यांचा मुलगा साकेत तेव्हा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. एकतीस वर्षांचा, कृषी पदवीधर. त्याच हंगामात राळेगाव रस्त्यावरच्या एका कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून लागला होता. चित्र बघून तो इतका हसला की चहा बशीत सांडला.

"बाबा, हे खणात नका टाकू. भिंतीवर लावा. मी रोज कामाला जाताना ह्याच्या पाया पडून जाईन."

म्हणून ते एवढं एकच चित्र देवरावाच्या दुकानात फ्रेमला गेलं.

देवराव तीस वर्षांपासून फ्रेमा करायचा. दत्त चौकाजवळच्या त्याच्या एवढ्याशा दुकानात त्या वर्षी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून फोटो उभे होते, सगळे माणसांचे, आणि बहुतेक तरुण.

"राशन कारडावरचा एवढासा फोटो आणतेत अन् हार घालाले मोठा करून मांगतेत," देवराव म्हणाला. "काच पुरून नाई राह्यली, साहेब." मग त्यानं चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "हे हसवाले काढलं म्हंता ना? मले तं हसू येऊन नाई राह्यलं."

"काहून?"

"हा एकटाच आपल्याकडे तोंड करून बसला हाय. बाकी साऱ्याइच्या पाठी. आपणही रांगेतच उभं हावो, असं वाट्टे."

चित्र बैठकीत लागलं. सुरुवातीला साकेत संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन यायचा आणि जेवताना गमती सांगायचा. कोणी बैलबंडीखाली तीन दगडांवर भाकरी थापते, कोणी बैलांच्या शिंगांना ट्रान्झिस्टर टांगतो. डिसेंबरात गमती कमी झाल्या. रांगा दोन-दोन किलोमीटर जायला लागल्या. एकदा तो ताटावर बसून नुसताच भात चिवडत राहिला. त्याच्या आईनं, शोभाताईंनी, दोनदा विचारलं, तेव्हा बोलला.

"एक बाई आहे, पंचफुला नावाची. केळापूरकडची. बंडी नाही, डोक्यावर एकच गाठोडं. तीन दिवस रांगेत होती. मी कापूस ओला म्हणून परत केला."

"ओला होता ना?" कमलाकरांनी विचारलं.

"मशीननं सांगितलं तसं." त्यानं ताट बाजूला सारलं. "ती काही बोलली नाही, बाबा. गाठोड्यावर बसून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

त्याच आठवड्यात कमलाकरांना वाटलं, चित्रातल्या अधिकाऱ्याचं नाक जरा कमी झालंय.

त्यांनी ट्रेसिंग काढलं आणि काचेवर लावलं. टेबल जुळलं. दौत जुळली. तेवीस पाठी जुळल्या. नाक मात्र आतल्या बाजूला राहिलं, सुताएवढं. काचेच्या जाडीमुळे तसं दिसत असेल, असं त्यांनी ठरवलं. थंडीत कागद आखडतोही. पण कागद आखडला तर सगळाच आखडतो, एकटं नाक कसं आखडेल, हे चाळीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

संक्रांतीपर्यंत तीन हनुवट्यांची एक झाली होती.

शोभाताईंनी त्या भिंतीवरून फडकं फिरवणं सोडलं. "ह्याला मी कुठेतरी बघितलंय हो," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

साकेत सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून केळापूरकडे जाऊन आला. पंचफुलाबाईच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाजारात गाठोडं विकायला गेलती, त्याले महिना झाला. चित्राकडे तो आता बघत नव्हता. बूट घालताना भिंतीकडे पाठ करून बसायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या लख्ख उजेडात, कमलाकर चित्रासमोर उभे राहिले. टेबलामागे एक सडपातळ तरुण बसला होता. त्याच्यात हसण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. डाव्या भुवईवर, साकेत सहावीत असताना सायकलवरून पडला होता तिथं, केस नसलेली बारीक फट होती.

त्यांनी चित्र उतरवलं आणि तडक देवरावाचं दुकान गाठलं.

"उघडा."

"मागचा कागद तं मीच चिकटवला हाय, साहेब. कोनाचा हात नाई लागला याले." देवरावानं पाठ फाडली, खिळे काढले, चित्र काचेबाहेर घेतलं. कमलाकरांनी नखानं भुवई चाचपली. शाईची रेघ कागदावर किंचित उठून लागत होती, जुन्या तांब्याच्या पत्र्याची लागते तशी. खोडल्याची खूण नाही. रंग दोनशे वर्षांचा.

देवराव चेहऱ्याकडे बघत होता. त्यानं साकेतला लहानपणापासून पाहिलं होतं.

"जाळून टाका, साहेब," तो हळूच म्हणाला.

कमलाकरांनी काड्यापेटी घेतलीसुद्धा. पण काडी लावायची कोणाला? ते पोराचं तोंड होतं. त्यांनी ती परत गल्ल्यावर ठेवली. देवरावानं चित्र पुन्हा काचेत घातलं, आणि कमलाकरांनी ते घरी नेऊन परत बैठकीत टांगलं.

त्या दिवशी साकेत जेवायला घरी आला, तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "नोकरी सोड."

साकेतनं का म्हणून विचारलं नाही. जणू तो वाटच बघत होता. "मी उठलो तर दुसरा बसेल, बाबा."

"बसू दे. तू ऊठ."

"उद्या राजीनामा देतो." मग कित्येक दिवसांनी तो जरा हसला. "आई, उद्या भरीत कर."

दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी वांगी भाजली. दीड वाजला, दोन वाजले. अडीचला केंद्रावरून फोन आला.

"साकेत सर घरी आले का?"

राजीनामा टेबलावर होता, सही केलेला. पेन उघडं होतं. मोटरसायकल झाडाखाली लावलेली. बारा वाजता साकेत सर खुर्चीतून उठले, एवढं सगळ्यांनी पाहिलं. कोणी म्हणालं, आवाराबाहेर गेले. कोणी म्हणालं, बाहेर नाही, रांगेच्या कडेकडेनं मागे मागे चालत गेले, शेवटची बंडी कुठे उभी आहे ते बघायला. शेवटच्या बंडीवाल्यानं त्यांना पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. काही सापडलं नाही.

कमलाकर चौथ्या दिवशी चित्रासमोर गेले. त्याआधी जायची छाती झाली नव्हती.

टेबलामागे जाडा अधिकारी बसला होता. वांग्याएवढं नाक, तीन हनुवट्या. त्यांनी ट्रेसिंग लावलं. अधिकाऱ्यात केसाचाही फरक नव्हता.

मग त्यांनी रांग मोजली.

चोवीस.

उजव्या कडेशी, जिथं कागद संपतो तिथं, एक माणूस जास्त होता. सडपातळ. पाठीवर लोकरीचं गाठोडं. ओझ्याची सवय नसलेला माणूस वाकतो तसा वाकलेला.

त्यांनी शोभाताईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या दारातच उभ्या होत्या. त्यांना मोजावं लागलं नाही. आईला पाठ पुरते.

त्यानंतर त्या रोज दुपारी खुर्ची ओढून चित्रासमोर बसू लागल्या. काय भाजी केली ते सांगायच्या. कमलाकर शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे आणि एक अक्षर वाचायचे नाहीत. मार्च गेला, एप्रिल गेला. केंद्र हंगामापुरतं होतं, ते बंद झालं.

मे महिन्यातल्या एका दुपारी शोभाताईंचा धीर सुटला. त्या उठल्या, दोन्ही तळवे काचेवर ठेवले आणि अंगणातून हाक मारावी तशी मोठ्यानं हाक मारली.

"साकेत! अरे साकेत, मागे बघ!"

कमलाकर धावत आले. शोभाताईंना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग दोघांनी मिळून चित्राकडे पाहिलं.

रांगेतल्या तेवीस माना किंचित मागे वळल्या होत्या.

चोविसावी तेवढी वळली नव्हती.