पडदेवालीचा आवाज

"थांबा! अहो, पाय टेकू नका!"

ती एका पायावर तशीच उभी राहिली. हातात पाण्याने भरलेला जग.

"किती वेळ?"

"वायर सुटेपर्यंत. तुम्ही तिच्यात अशा अडकलात की…"

"की काय?"

"काही नाही. सुटली." त्याने दातांत धरलेला स्क्रू काढला आणि वर पाहिलं. केसांत धूळ, डोळ्यांत हसू. "तुम्ही पडदेवाली ना? मी आवाजवाला."

जुन्या सिनेमागृहात आयोग बसणार होता, त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. लढाई संपून तह झाला होता. त्या वर्षांत कोणी कोणाला घरातून नेलं, त्यांचं पुढे काय झालं, हे आता लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं. साक्षीदाराला बसवायचं, पाणी द्यायचं, कॉलरला माइक लावायचा, पडदा सारायचा, हे तिचं काम. मागच्या केबिनमध्ये बसून आवाज सांभाळायचा, हे त्याचं.

ज्याला भीती वाटत असेल, त्याने पडद्यामागच्या तिकीटखोलीत बसून बोलायचं. तिच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. आतला आवाज बाहेर येत नसे, बाहेरचा आत जात नसे. साक्षीदाराने सांगितलं तर आवाजवाला एक बटण फिरवी आणि सभागृहात भलत्याच माणसाचा आवाज उमटे. रेकॉर्डसुद्धा त्या भलत्या आवाजाचंच होई. साक्षीदाराच्या जिवाला धोका नको म्हणून खरा आवाज कुठेच ठेवायचा नाही, असा नियम होता.

छपराला पत्रा होता. पाऊस जोरात आला की काही ऐकू येत नसे आणि कामकाज थांबे. मग ती केबिनच्या दाराशी येऊन उभी राही. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"बोल ना काहीतरी या माइकवर," एकदा तो म्हणाला.

"काय बोलू? तुला कामधंदा नाही का दुसरा?"

स्पीकरमधून ते एखाद्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यासारखं घुमलं. तो हसून हसून खुर्चीवरून घसरला.

"बापरे! सासऱ्याने दम भरल्यासारखं वाटलं."

"सासरा? मग जावई कोण?"

"जागा रिकामी आहे का?"

तिने त्याच्या डोक्यावर फाइल आपटली. पण त्या दिवशी घरी जाताना ती उगीचच गुणगुणत होती.

पुढच्या पावसात त्याने विचारलंच. "आयोगाचं काम संपलं की… म्हणजे बघ, आई घरी एकटी असते. तिला भांडायला कोणी नाही."

"मला भांडायला नेतोस?"

"आधी चहाला. भांडण सावकाश."

ती हसली. पत्र्यावर पाऊस तडतडत होता.

"आधी माझी साक्ष होऊ दे," ती म्हणाली.

त्याला ठाऊकच नव्हतं. मग तिने सांगितलं. रात्री दार वाजलं होतं. वीज गेली होती. दादाला ओढून नेताना ती अंधारातच त्या अधिकाऱ्याला म्हणाली होती, "साहेब, त्याला चपला तरी घालू द्या." तो मोठ्याने हसला होता. दादा परत आला नाही. अधिकारी आता मोठा कंत्राटदार झाला होता आणि रोज तिसऱ्या रांगेत वकिलाशेजारी बसत होता.

"रोज त्याच्यासमोरून पाण्याचा जग घेऊन जाते मी. त्याने चेहरा पाहिलाच नव्हता माझा. आवाज मात्र ऐकलाय. तो त्याला पुन्हा ऐकू दे. त्याची मान खाली जाताना मला बघायचीय."

"आणि त्या शिंप्याचं काय झालं ते विसरलीस?" आवाजवाल्याचा चेहरा उतरला होता. "त्याने उघड्यावर साक्ष दिली. आठवड्यात दुकान जळलं. तो आत होता."

"माहीत आहे. टीव्हीवर तोंड दाखवणार नाही, असं मावशीला वचन दिलंय. म्हणून खोलीत बसेन. पण आवाज माझाच जाऊ दे. करशील ना एवढं?"

तो वायर गुंडाळत राहिला. "बरं," म्हणाला.

साक्षीच्या दिवशी तिने स्वतःच्याच कॉलरला माइक लावला. गाद्यांच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. न रडता, न अडखळता. चपलांचं वाक्य तर तिने त्या रात्रीसारखंच म्हटलं.

बोलून झाल्यावर ती मागच्या दाराने सभागृहात आली. तिसऱ्या रांगेत तो वकिलाला मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. दोघं हसत होते.

मावशीने तिचा हात धरला. डोळे भरून आले होते तिचे. "अगं, किती शहाणी गं तू! मला वाटलं कोणी म्हातारीच बोलतेय. तुला न्हाऊमाखू घातलं मी, पण मलासुद्धा ओळखू आली नाहीस. बरं केलंस बाई, आवाज बदलून घेतलास ते."

ती केबिनमध्ये गेली. तो उठून उभा राहिला. तिने काही विचारायच्या आतच बोलला.

"मला तू जिवंत हवी होतीस."

"मी विचारलं होतं का तुला?"

"उद्या तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? प्रेम आहे माझं तुझ्यावर, कळत कसं नाही तुला?"

"त्या रात्री जाताना तो अधिकारी मला काय म्हणाला, ते सांगायचं राहिलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "म्हणाला, पोरी, तुझ्याच भल्याचं सांगतो, गप्प बस."

त्याने हात पुढे केला. ती मागे सरकली.

"आणि एक ऐकून ठेव. आज संध्याकाळी मी तुला हो म्हणणार होते."

अध्यक्षबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. बराच वेळ कपाळ चोळत बसल्या. एका साक्षीदाराला एकदाच बोलता येतं, तो नियम मोडला तर समोरचा वकील सगळ्याच साक्षी रद्द करून घेईल, म्हणाल्या. शब्द सगळे अहवालात येतील. आवाजवाल्याच्या जागी दुसरा माणूस उद्या येईल. पण आजची शेवटची साक्ष बाकी आहे, बाई तीन गावं ओलांडून आली आहे, तिला परत कसं पाठवायचं?

ती बाई तिकीटखोलीत आधीच येऊन बसली होती. पडदेवालीने तिला पाणी दिलं, माइक लावला.

"आवाज तुमचाच ठेवायचा, की बदलायचा?"

"माझाच," बाई म्हणाली. "माझ्या लेकीचं नाव माझ्याच तोंडून जाऊ दे."

पडदेवालीने दार लावलं. पण ती रोजच्यासारखी पडद्यापाशी थांबली नाही. केबिनमध्ये गेली आणि त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. इतकी जवळ ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. त्याने एकदा वर पाहिलं. तिने पाहिलं नाही. बाई बोलायला लागली, आणि साक्ष संपेपर्यंत पडदेवालीने त्याच्या हातावरची नजर काढली नाही.