न गायलेलं कडवं

“वहिनी, आमच्यातलाच कोणीतरी फितूर आहे!” गिटारवादकाने परीक्षणाचा कागद टेबलावर आपटला.

त्यांच्या रॉक बँडचा अल्बम सतरा वर्षांनी येत होता, शुक्रवारी. तो फक्त चौघांनी ऐकला होता: गायक, गिटारवादक, ड्रमर आणि ध्वनिमुद्रक. तरी बुधवारीच कोणीतरी टोपणनावाने इंटरनेटवर त्याची सालटी काढली होती. आता गायक अल्बम मागे घ्यायला निघाला होता.

सगळे जिला वहिनी म्हणत त्या खासगी गुप्तहेर बाईने कागद आपल्या दिराकडे सरकवला. तेच तिचे मदतनीस.

भावोजींनी मोठ्याने वाचलं, “‘गायकाचा आवाज संपलाय. वरचा सूर लागेना म्हणून तिसऱ्या गाण्याचं चौथं कडवं त्याने गाळलंच.’ वहिनी, हा ड्रमरच! बँड मोडल्यापासून गायकाला पाण्यात पाहतो म्हणे.”

गिटारवादकासोबत दोघं स्टुडिओत पोचली.

“राग होता,” ड्रमर म्हणाला. “पण या वयात गुडघे सांभाळू की राग?”

“तिसऱ्या गाण्यात कडवी किती?” वहिनीने विचारलं.

“तीन. तेवढीच वाजवली.”

“तीनच आली, तीनच मुद्रित केली,” ध्वनिमुद्रक म्हणाला.

“मला कागदच तीन कडव्यांचा मिळाला,” गिटारवादकाने गायकाकडे बोट दाखवत सांगितलं. “गाणी हाच लिहितो. पुरी होईपर्यंत बायकोलाही दाखवत नाही.”

गायक कोपऱ्यात बसून होता. “ज्याने लिहिलं, खरं तेच लिहिलंय,” तो पुटपुटला.

वहिनी वळली. “भावोजी, जे कडवं गाण्यात नाहीच, ते ऐकून कळेल?”

“छे! कसं कळेल?”

“वाजवणाऱ्यांना तीनच माहीत, मुद्रित करणाऱ्यालाही तीनच. चौथं होतं आणि ते का गाळलं, हे फक्त गाणं लिहिणाऱ्याला ठाऊक.”

भावोजींनी वळून गायकाकडे पाहिलं.

गायकाने मान खाली घातली. “शुक्रवारी लोक हेच म्हणणार. म्हटलं, आधी आपणच म्हणावं. कमी लागेल.”

“लागलं कमी?”

“नाही हो.”

“गाढवा!” गिटारवादकाने गिटार उचलली. “मला सांगायचंस! पट्टी खाली घेतली असती.” बोलता बोलता तो गिटारच्या तारा सैल करू लागला. गायक डोळे पुसत माइकपाशी गेला.

अल्बम आठवडाभर उशिरा आला, चौथ्या कडव्यासकट. वर्तमानपत्रातल्या सर्वांत खडूस समीक्षकाने लिहिलं, ‘आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. पण पूर्वी हा माणूस ओरडायचा. आता तो बोलतो, आणि ऐकत राहावंसं वाटतं.’

वहिनीने लगेच गायकाला फोन लावला.

“वाचलं. बायकोने चारदा वाचून दाखवलं,” तो हसत म्हणाला. “वहिनी, ठेवू का? नवीन गाणं लिहायला बसलोय.”