उकंडाची सीडी

पांढरकवड्याच्या राजदीपनं पद्मजाताईंच्या टेबलावर सीडी ठेवली आणि बहिणीच्या नवऱ्याला, भीमराजला, सरळ चोर म्हटलं.

पद्मजाताई यवतमाळात लग्नाच्या स्थळांच्या, आणि जमलं तर चोऱ्यांच्याही, चौकशा करत. सोबतीला निवृत्त तलाठी सदाशिवराव. चोर कोण हे सदाशिवरावांना पहिल्याच चहाला कळे आणि दुसऱ्या चहाला बदले.

राजदीपचा बाप उकंडा जिनिंगमध्ये हमाल होता. कापूस येईना, जिनिंग बंद पडलं, वर्षाच्या आत उकंडाही गेला. मागे राहिलं ते मुलीच्या, दीपाच्या, लग्नात त्यानं म्हटलेलं गाणं. शूटिंगवाल्याची सीडी मोहल्लाभर फिरून चरे पडून गेली आणि त्याच्या टेपवर दुसरीच लग्नं चढली. उरली होती ती राजदीपनं आधीच घरच्या कॉम्प्युटरवर केलेली कॉपी.

"सोपं काम," राजदीप म्हणाला. "स्क्रीनवरचं चित्र उचललं, सीडीत टाकलं. चहा उकळाच्या आत सीडी झाली. किती खेपा घरी पाह्यली आमी! भीमराज आपल्या गावाले, नेरले, घेऊन गेला, वापस आनली, तं काईच लागत नाई, कोरी. बदलली त्यानं. रविवारी बाबाचं वर्षश्राद्ध, माय म्हनते, आवाज ऐकवा."

सदाशिवरावांनी मनातल्या मनात भीमराजला बेड्या घातल्या.

पद्मजाताईंनी सीडी उलटी करून उजेडात धरली. मधल्या भोकाजवळ केसाएवढी गडद कड होती, बाकी सगळी लख्ख.

"वरचं 'बाबा' हे अक्षर कोणाचं?"

"माह्यंच."

दुसऱ्या दिवशी त्या सदाशिवरावांसोबत राजदीपच्या घरी गेल्या. भीमराजला बोलावलं होतं. तो पायरीवरच बसला, आत यायला तयार नव्हता. आपल्या प्लेअरवर ती लागलीच नाही, एवढंच तो सांगत होता. कॉम्प्युटर फार स्वच्छ दिसतो, असं पद्मजाताई सहज म्हणाल्या. व्हायरस घुसला होता, राजदीप म्हणाला. ती सीडी नेरला होती तेव्हाच सगळं पुसून नव्यानं भरून आणलं.

सदाशिवरावांचा दुसरा चहा गार झाला.

"चोरी झालीच नाही," पद्मजाताई म्हणाल्या. "अक्षर तुझं, म्हणजे सीडी तीच. सीडीचा भरलेला भाग गडद दिसतो; कोरी असती तर कड नसती. पूर्ण लग्न असतं तर कड रुंद असती, आणि चहा उकळून गार झाला तरी भरणं संपलं नसतं. तू उचललंस त्या चित्राच्या कोपऱ्यात वाकडा बाण होता?"

"होता."

"तो बाण म्हणजे नुसता गाण्याचा पत्ता, गाणं नव्हे, राजदीप. गाणं कॉम्प्युटरातच होतं, म्हणून फक्त याच घरात वाजलं. मग तू ते घरच पुसलंस."

राजदीप खाली बसला. उंबऱ्यातून त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, विचारलं, "मंग बाई, तो बान आता कुठं दाखवते?"

पद्मजाताईंनी सीडी तिच्या हातात ठेवली. चोर असता तर आवाजही कुठंतरी असता, हे सदाशिवरावांना उशिरा कळलं.

भीमराज पायरीवरून उठला. पहिल्यांदाच आत आला.

"मामी," तो म्हणाला, "मीच चोरली म्हना. नेरले हाये माह्यापाशी, ठेवून."

तुळसाबाईनं मान हलवली. "जपून ठेवजा, जावईबापू."