दुसरीचा आवाज

लाल दिवा चालू असताना रेकॉर्डिंगच्या खोलीत कुणी येत नसे. त्या दुपारी मात्र एक जण दार ढकलून थेट आत आला, गळ्यात वायरींची वेटोळी घालून, आणि तिचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दिवा दिसत नाही का, दारावरची पाटी वाचता येत नाही का, एवढा वेळ वाचलेलं सगळं पाण्यात गेलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "हेही रेकॉर्ड झालंय... ठेवू, की काढून टाकू?"

तिला हसू आवरेना. ओळख झाली ती अशी.

अंध वाचकांच्या ग्रंथालयात ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आजवर त्यांच्या सीडी टपालाने घरोघर जात. आता तीच पुस्तकं श्रोत्यांच्या फोनवर पोचवायची होती, आणि त्यासाठीच हा आला होता. दोन दिवसांत सगळे त्याला वायरवाला म्हणू लागले. ग्रंथालयाच्या मोठ्या बाईंना त्याने सोप्या भाषेत समजावलं, की स्ट्रीमिंग म्हणजे नळ. तोटी सोडली की आवाज सुरू, फोनमध्ये जागा अडत नाही, पण नेट गेलं की तोटी कोरडी. डाउनलोड म्हणजे भरून ठेवलेला हंडा. भरायला वेळ लागतो, जागाही लागते, पण एकदा भरला की नेटची मिनतवारी नाही.

तिचं मत डाउनलोडच्या बाजूने होतं. श्रोत्यांचे फोन तीच घ्यायची, त्यामुळे कुणाच्या घरी नेट येतं आणि कुणाच्या घरी रुसतं, हे तिला तोंडपाठ. वायरवाला मुद्दाम उलट बोलायचा.

"तुमच्या पुस्तकांनी लोकांचे फोन भरून जातील."

"जाऊ देत. निदान कुणी मध्येच दार उघडून तोडणार तरी नाही."

असे वाद रंगायचे आणि चहा निवून जायचा. घरी ताईच्या लक्षात आलं, की धाकटी हल्ली भांडून येते आणि तरी गुणगुणते.

मग रेडिओवाली आली. तिचं रेडिओ केंद्र बंद पडलं होतं, म्हणून ग्रंथालयात वाचायला लागली. आवाज असा, की तिने साधी नियमावली वाचली तरी लोक हातातलं काम ठेवून ऐकत. स्वभावही वाईट नाही, म्हणजे नावं ठेवायलासुद्धा जागा नाही. तिचं म्हणणं, थेट वाचावं, सगळ्यांनी एकाच वेळी ऐकावं, एकत्र बसल्यासारखं. वायरवाल्याला ही कल्पना भलतीच आवडली. रेडिओवाली वाचू लागली की तो काचेपलीकडे डोळे मिटून बसे.

ते मिटलेले डोळे पाहिले आणि हिच्या पोटात दुखू लागलं. आपण वाचताना कधी मिटले होते याने डोळे? टकामका बघत तर बसायचा. ताईने विचारलं तेव्हा ती फणकारली, की मला काय करायचंय, कुणीही कुणाचं ऐकावं. ताई एवढंच म्हणाली, "मग भाजीवर का राग काढतेस? किती बारीक चिरशील?"

एका संध्याकाळी थेट वाचनाची चाचणी ठरली. डोंगरापलीकडच्या वस्तीत खुर्च्या विणणारे एक काका राहत, जुने श्रोते. त्यांच्या घरी बसून वायरवाला आणि ती आवाज कसा पोचतो ते पाहणार होते. काकांच्या घरी संध्याकाळी नेट जातं, हे तिला ठाऊक होतं. बैठकीत मोठ्या बाईंनी विचारलंही, काही अडचण? तिने नकारार्थी मान हलवली. पडू दे की एकदा त्या गोड आवाजाचा मुडदा, असं मनात आलं.

काकांनी अर्धवट विणलेल्या खुर्चीवर फोन ठेवला आणि वेताची पट्टी हातातच धरून ऐकू लागले. गोष्ट पुरात सापडलेल्या नावाड्याची होती. नाव उलटली, बायकोने काठावरून हात पुढे केला, आणि तिथेच आवाज अडकला. एक अक्षर आलं, पुन्हा गप्प. ती आतून सुखावली... जेमतेम क्षणभर. काका मान तिरकी करून वाट बघत होते.

"बुडाला का हो तो?" त्यांनी हळूच विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "माझा फोनच जुना आहे. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेट नव्हतं, पण साधा फोन लागत होता. ती अंगणात गेली आणि तिने रेडिओवालीला फोन लावला. नुकतंच वाचन संपवून ती घरी निघाली होती. हिने अडखळत नेट गेल्याचं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "थांब, पुस्तक काढते." हिने फोनचा स्पीकर लावून तो आत काकांपुढे धरला. आणि बसथांब्यावर उभं राहून रेडिओवालीने एका माणसासाठी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. नावाडी वाचला. काकांनी डोळे पुसले. आवाज खरंच सुंदर होता. दुखणं तेच तर होतं.

उतारावरून परतताना तिने वायरवाल्याला सगळं सांगून टाकलं. तो थांबला.

"ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिचं ऐकताना डोळे मिटता म्हणून."

त्याने वायरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "काकांच्या बाबतीत तुम्ही चुकलात," तो म्हणाला, "ते त्यांना स्वतः सांगा. आणि डोळ्यांचं म्हणाल तर... आवाजात कुठे खरखर आहे ते पकडायला मिटावे लागतात. कामच आहे ते. तुम्ही वाचत असलात की मला ते मिटवत नाहीत. म्हणून तर तुमच्या रेकॉर्डिंगमधल्या निम्म्या चुका माझ्याकडून सुटतात. मोठ्या बाई दोनदा रागावल्यात."

"मग यापुढे... चुका कोण काढणार?"

"रेडिओवालीला सांगू. तिचे कान चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने काकांना फोन करून खरं ते सांगितलं. काका हसले आणि म्हणाले, एक गोष्ट फुकटात दोनदा रंगली. रेडिओवालीपुढेही ती कबुली द्यायला उभी राहिली. ते सोपं गेलं नाही. थेट वाचन सुरू राहिलं, पण प्रत्येक वाचन नंतर डाउनलोडला ठेवायचं ठरलं. नेट असेल त्याने तेव्हाच ऐकावं, नसेल त्याने सावकाश उतरवून घ्यावं.

त्या दिवशी काम आटोपल्यावर वायरवाला तिच्यासोबत बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी घुटमळला.

"तुम्ही... म्हणजे, तू—"

"नीट घ्या," ती म्हणाली, "पहिल्यापासून."

"तू," तो म्हणाला, "उद्याही माझ्याबरोबर चालशील?"

त्याचा हात हातात घेऊन तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच त्याचा फोन वाजला. रेडिओवाली होती. हिच्या पोटात पुन्हा दुखलं. पण थोडंच. आणि फोन संपेपर्यंत तिने त्याचा हात काही सोडला नाही.