मोठी नको

पाल दिसली की खुर्चीवर चढणारी बाई पाल विकत आणायला निघाली म्हटल्यावर नवऱ्याने संधी सोडली नाही.

“स्वयंपाकघरात दोघी फुकट राहतायत. त्यातली एक ने की लेकीच्या खोलीत.”

“त्यांची शेपटी पानासारखी नसते,” ती म्हणाली, आणि आपण हे किती गंभीरपणे बोललो ते जाणवून स्वतःच ओशाळली.

कारण साधं होतं. नव्या घरात आल्यापासून तिची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, स्वतःच्या खोलीत झोपत नव्हती. भिंतीवर कुणीतरी आहे, म्हणायची. रडणं नाही, हट्ट नाही. कपाट कुठे आहे ते सांगावं तसं सांगायची. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झालं, नजर चोख निघाली. शाळेतल्या बाईंनी सुचवलं, त्या खोलीत एखादा जीव सांभाळायला द्या, भीती आपोआप जाईल. चांगल्या आयांना हे आतूनच सुचत असावं, असा तिचा संशय होता. तिला मात्र सगळं कुणीतरी सांगावं लागे, आणि सांगितल्यावरही मनातली पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

भिंगरीची किडकी दाढ काढणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना या पालींचा नाद होता. दवाखान्यामागच्या खोलीत त्या पिल्लं वाढवत, आणि भिंगरीला त्यांतलंच एक हवं होतं. मायलेकी पोचल्या तेव्हा बाहेर लख्ख दुपार होती. आत पडदे ओढलेले, ओल्या सालींचा वास, आणि त्यात मिसळलेला लवंगेच्या तेलाचा. भिंतीलगत जाळीच्या उंच पेट्या. सगळ्या रिकाम्या दिसत होत्या.

“पहिलीच ना तुमची?” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “मग आधी शोधा. सापडली तर निवडा.”

आईने पहिल्या पेटीला नाक लावलं. काटक्या, वाळकी पानं. इकडून बघितलं, वाकून बघितलं. “डॉक्टर, हिच्यात काही नाहीये हो.”

“ती काय,” भिंगरी म्हणाली. “डोकं खाली करून लोंबतेय.”

आणि एका वाळक्या पानाने जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला.

आईच्या तोंडून किंकाळीऐवजी “अय्या!” निघालं, याचं तिलाच नवल वाटलं. पानाच्या शिरा होत्या, किडीने कुरतडल्यासारखी कड होती. पापण्या तेवढ्या नव्हत्या.

“ही सगळ्यात लहान जात,” डॉक्टर म्हणाल्या. “नाजूक. उकाडा सोसत नाही, संध्याकाळी पाणी फवारावं लागतं. ही पट्ट्यापट्ट्यांची दुसरी, भारी बुजरी. आणि नवख्या माणसाला मी ही देते. मोठी आहे, पण दणकट.”

तिसऱ्या पेटीत शेवाळलेलं खोड होतं. आई बघत राहिली. खोडाचं खोडच राहिलं.

“हनुवटीपासून शेपटीपर्यंत अंगाला झालर असते. ती सालीला चिकटवून बसली की सावलीच पडत नाही. आपण वस्तू पाहतो ती सावलीमुळे. हिने सावलीच बुजवून टाकलीय.”

“इथे डोळा,” भिंगरीने जाळीवर बोट ठेवलं. “इथे पाय. आणि मागे अजून एक आहे, छोटी.”

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. “अगं बाई! हे पिल्लू मी सकाळपासून शोधतेय.” मग त्यांनी डोळे बारीक केले आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. “हिच्यात सांग बघू?”

भिंगरीने पेटी वरपासून खालपर्यंत निरखली. “हिच्यात कुणी नाही.”

“शाब्बास. कालच धुऊन ठेवलीय.”

आईला एकदम हलकं वाटलं. म्हणजे पोरगी मनाचं काही रचत नव्हती! नसलेलं ती बघतच नव्हती. आहे तेवढंच बघत होती, आपल्यापेक्षा नीट. आनंदाने तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या विचाराचं दुसरं टोक हाती लागताच तो हात तिथेच थबकला.

“मग मोठी देऊ ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोठी नको,” भिंगरी म्हणाली. “मोठी आहे घरी.”

“अय्या, आधीच आहे? आणि मी समजले पहिलीच!”

“नाही हो डॉक्टर, ती आपलं उगीच...”

“हिच्यासारखीच आहे,” भिंगरीने शेवाळलेल्या खोडाकडे मान वळवली. “कडा अशाच भिंतीला चिकटवलेल्या. फक्त शेपटी नाहीये. आणि हात आपल्यासारखे.”

खोलीत कुठेतरी पाण्याचा थेंब पडला. डॉक्टर हसायला गेल्या, पण ते हसू ओठांवरच विरलं.

“खाते काय गं ती?”

“अजून काही नाही. बघत असते.”

“तुम्ही... लहानच न्या,” डॉक्टर आईला म्हणाल्या, आणि भराभर डब्याच्या झाकणाला भोकं पाडू लागल्या.

संध्याकाळी भिंगरीच्या खोलीत पेटी मांडून झाली. पाल फांदीवर गेली आणि बघता बघता पान झाली. भिंगरीने स्वतःच्या हाताने पाणी फवारलं, पानाला “झोप हं” म्हणून बजावलं, आणि कुणी न सांगता आपल्या पलंगावर चढून पांघरूण ओढून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आई दाराशेजारी भिंतीला टेकली. सुखाने तिने डोळे मिटून घेतले. शाळेतल्या बाईंचं खरं ठरलं म्हणायचं.

“भीती नाही ना वाटत, बाळा?”

“अं हं. आज ती मला बघतच नाहीये.”

आईने हळूच विचारलं, “म्हणजे... गेली ती?”

“नाही गं...” भिंगरीचे डोळे मिटत आले होते. “तू टेकलीयस ना तिला.”

भिंत पाठीला गार लागत होती, किंचित ओलसर. श्वासाबरोबर ती हळूच पुढे येत होती, मागे जात होती. आपल्याच श्वासाने, असं तिला इतका वेळ वाटत होतं.

तिने श्वास रोखून धरला.

भिंत पुढे आली. मागे गेली. पुन्हा पुढे आली.